पट्टा पडला की ब्राझील!

कारखान्याच्या वजनकाट्यावर बसणाऱ्या मामांनी एका रात्री फोन करून विचारलं, ‘ब्राझीलला जायला किती लागत्यात?’ त्या एका प्रश्नापायी मला तीन कॅलेंडरं एकमेकांवर ठेवून बघावी लागली.

आमच्या शेवगावात ‘सीझन’ आणि ‘ऑफ सीझन’ हे शब्द शाळेत जायच्या आधी कळतात. ते इंग्रजी आहेत हे नंतर कळतं. सीझन म्हणजे कारखाना सुरू. दिवाळीच्या आसपास गव्हाणीत मोळी पडते आणि रस्ते उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी भरून जातात. टू-व्हीलरवाल्यांच्या शिव्या आणि हवेत मळीचा तो वास. मग मार्च-एप्रिलमध्ये कधीतरी कुणीतरी चहाच्या टपरीवर सांगतं, ‘पट्टा पडला.’ भोंगा बंद. ऊसतोडीच्या टोळ्या आपापल्या गावी. ऑफ सीझन सुरू.

घरात कुणी कारखान्यात असेल तर पुढचं तुम्हाला सांगायला नकोच. सीझनल कामगार ऑफ सीझनला घरी असतो. हातात रिटेन्शन, म्हणजे पगाराचा थोडासा हिस्सा, आणि वेळ मात्र भरपूर.

माझे मामा त्यातलेच. तीसेक वर्षं वजनकाट्यावर. ट्रॉली आली, वजन घेतलं, पावती फाडली, पुढची ट्रॉली. यंदा ३१ मेला ते रिटायर होतायत. गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला त्यांचा फोन आला. मी होस्टेलवर, उद्याची असाइनमेंट समोर.

‘काय गं, तुमच्या पेपरात ते फिरायचं छापून येतं ना?’

‘येतं की मामा.’

‘मग मला ब्राझीलचं काढून दे. किती दिवस, किती पैसं, सगळं.’

मला वाटलं चेष्टा. पण मामा चेष्टा करायच्या वयातले नाहीत आणि स्वभावाचेही नाहीत. विचारलं, ब्राझीलच का? तर म्हणाले, ‘तीस वर्षं ऐकतोय. ब्राझीलमध्ये दुष्काळ पडला, साखर वाढली. ब्राझीलमध्ये ऊस मायंदाळ झाला, साखर पडली. मीटिंगमध्ये ब्राझील, पेपरात ब्राझील. एकदा बघू तरी द्या, कोण हाये त्यो.’

याला काय उत्तर देणार?

फोन करायच्या आधी मामा एका टूरवाल्याकडे जाऊन आले होते. त्यानं रिओच्या कार्निव्हलचं चकचकीत पॅकेज पुढं केलं. मामा म्हणाले, मला मे महिन्यात जमतं. त्यावर तो म्हणाला, ‘काका, मेमध्ये तिकडं ऑफ सीझन. काही नसतं बघायला.’ हे वाक्य मामांना लागलं होतं. ‘आपल्याकडं ऑफ सीझनला कारखाना बंद असतो,’ ते मला म्हणाले, ‘गाव थोडंच बंद असतं?’

मग मी शीट उघडली. पहिल्या कॉलमला नाव दिलं, ‘महिना’.

उलटं कॅलेंडर

भूगोलात आपण सगळेच शिकलोय, पण तिकीट काढायची वेळ येईपर्यंत ते खरं वाटत नाही. ब्राझीलचा बहुतेक भाग विषुववृत्ताच्या खाली. म्हणजे आपला मे हा त्यांच्या हिवाळ्याच्या तोंडाचा महिना. तिकडं खरी गर्दी दोनदा होते. एकदा डिसेंबरच्या मध्यापासून कार्निव्हलपर्यंत, म्हणजे फेब्रुवारी-मार्चपर्यंत. तेव्हा त्यांचा उन्हाळा आणि शाळांच्या सुट्ट्या. दुसऱ्यांदा जुलैत, थंडीच्या सुट्टीत. मधला एप्रिल ते जून आणि नंतरचा ऑगस्ट ते नोव्हेंबर तुलनेनं मोकळा. कार्निव्हलच्या आठवड्यात रिओतली बरीच हॉटेलं एक-दोन रात्रींसाठी खोलीच देत नाहीत, चार-पाच रात्रींचं पॅकेज घ्या म्हणतात. मेमध्ये तीच खोली एका रात्रीपुरती मिळते.

आता दुसरा कॉलम. ऊस. ब्राझीलच्या मध्य-दक्षिण भागात, म्हणजे साओ पावलो राज्य आणि आजूबाजूला, गाळप चालतं साधारण एप्रिल ते नोव्हेंबर. आपलं बंद झालं की त्यांचं सुरू.

कळलं ना गंमत? पर्यटकांचा ऑफ सीझन आणि उसाचा सीझन एकाच वेळी. कार्निव्हलला गेलेल्या माणसाला तिकडचा कारखाना बंद दिसला असता. मामांना तर तो चालू बघायचाय. टूरवाल्याच्या ‘काही नसतं’मध्ये मामांना जे हवं होतं तेच नेमकं बसलेलं होतं.

मामांना हे सांगितलं तर पलीकडं दोन मिनिटं शांतता. मग, ‘म्हंजे आमचा काटा बंद झाला की त्यांचा काटा चालू.’

सत्तावीस महाराष्ट्र

आता ‘ब्राझीलचा ऑफ सीझन’ हा शब्दच किती फसवा आहे ते बघा. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ तीन लाख आठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास. ब्राझीलचं ८५ लाख. म्हणजे सत्तावीस महाराष्ट्र. आपल्या एकट्या महाराष्ट्रात जूनमध्ये आंबोलीला धो धो कोसळत असतं आणि आपण शेवगावात मृगाकडं तोंड करून बसलेलो असतो. मग सत्तावीस महाराष्ट्रांना एकच ऑफ सीझन कसा असेल?

उदाहरण सांगते. साल्वादोर. ईशान्य किनाऱ्यावरचं सुंदर जुनं शहर, माझ्या पहिल्या यादीत ते वरती होतं. पण तिथं सगळ्यात जास्त पाऊस एप्रिल ते जूनमध्ये पडतो. इथला ऑफ सीझन खरंच पावसाचा. काट मारली. त्याच ईशान्य भागात आत, काम्पिना ग्रान्दे आणि कारुआरू या गावांत, जून म्हणजे सेंट जॉनचा मोठा उत्सव. शेकोट्या, मक्याचे पदार्थ, फेर धरून नाच, आणि हॉटेलं फुल्ल. म्हणजे पर्यटनाच्या पुस्तकात जून मोकळा आणि या गावांत मात्र जत्रा. तारीख देशाची बघून चालत नाही, गावाची बघावी लागते.

ट्रेन बघितली. दोन मोठ्या शहरांमधली प्रवासी रेल्वे तिकडं जवळपास नाहीच, एक-दोन मार्ग सोडले तर. ‘म्हंजे आपल्यासारखंच,’ मामा म्हणाले. शेवगावला अजून रेल्वे आलेली नाही हे तुम्हाला माहीतच आहे. तिकडचा माणूस बसनं फिरतो नाहीतर विमानानं. बसमध्ये साध्या सीटपासून जवळपास आडवं होता येईल अशा ‘लेइतो’पर्यंत प्रकार. साओ पावलोहून इग्वासू धबधब्याला बसनं साधारण सोळा तास. रात्रीची गाडी धरली तर हॉटेलचा एक मुक्कामही वाचतो. पण साओ पावलो ते मनाउस मात्र विमानच. चारेक तास, आणि एवढं उडूनही तुम्ही त्याच देशात.

थंड डबा

मामांचा सगळा जीव साओ पावलो राज्यात. त्यामुळे मीही जास्त वेळ तिथंच काढला.

राज्यातलं रिबेरांव प्रेतो हे ऊसपट्ट्यातलं मोठं शहर, साओ पावलोपासून तीनशेच्या वर किलोमीटर. दरवर्षी एप्रिलच्या शेवटी-मेच्या सुरुवातीला तिथं ‘अॅग्रीशो’ नावाचं मोठं शेती-यंत्रांचं प्रदर्शन भरतं. पिरासिकाबा त्याहून जवळ, दीडशे-एकशे साठ किलोमीटर. तिथं साओ पावलो विद्यापीठाचं शेती कॉलेज आहे, १९०१ पासूनचं, आणि नदीकाठी १८८१ मधला साखर कारखाना आहे, ‘एन्जेन्यो सेंत्राल’. आता तिथं गाळप होत नाही, कार्यक्रम आणि प्रदर्शनं होतात. मामांना फोटो पाठवला. लाल विटांच्या इमारती, चिमणी. त्यांचा रिप्लाय: ‘बंद पडलेला कारखाना बघायला ब्राझीलला कशाला जायचं?’ चालू कारखाना बघायचा तर आधी मेल करून परवानगी मागावी लागते. कारखाना म्हणजे पर्यटनस्थळ नव्हे, आपल्याकडंही नाही. मेलचा मसुदा मी तयार ठेवलाय.

मग त्यांनी विचारलं, तिकडं ऊस कोण तोडतं?

हा प्रश्न आपल्या तालुक्यातल्या माणसालाच पडणार. पलीकडं पाथर्डी आणि बीड. कोयता घेऊन निघालेली कुटुंबं आपण दरवर्षी बघतो. साओ पावलोत आता बहुतेक ऊस यंत्रानं तोडला जातो. तोडणीआधी फड पेटवायची पद्धत होती, ती बंद करायचं २००७ मध्ये सरकार आणि कारखान्यांमध्ये ठरलं, आणि यंत्रं वाढत गेली. त्याआधी तोडायला माणसं यायची, बरीचशी गरीब ईशान्य भागातून, हजारो किलोमीटरवरून. त्यांना तिकडं नाव होतं ‘बोया-फ्रिया’. अर्थ, थंड जेवण. पहाटे भरून घेतलेला डबा दुपारी फडात गारच खायचा, म्हणून.

मामा जरा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘डबा गारच असतोय.’

यंत्रं आली, मग ती माणसं कुठं गेली, हेही त्यांनी विचारलं. काही शिकून यंत्रावर बसली, बरीच दुसऱ्या कामाला लागली किंवा गावी परतली. तिकडं गेल्यावर कुणाला तरी नीट विचारायचं, असं आमचं ठरलंय. शीटमध्ये त्यासाठी एक ओळ आहे.

इथेनॉलचं मात्र मामांपेक्षा तुम्हाला जास्त आवडेल. ब्राझीलनं १९७५ मध्ये सरकारी कार्यक्रम काढून उसापासून इथेनॉलवर गाड्या चालवायला सुरुवात केली. आपण आत्ता आत्ता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांवर आलोय. तिकडं पंपावर पेट्रोलशेजारी निव्वळ इथेनॉलचं नोझल असतं. २००३ पासून दोन्हीवर चालणाऱ्या ‘फ्लेक्स’ गाड्या आल्या. तिथला पोरगाही पंपावर मोबाइलवर हिशेब करतो: इथेनॉलचा भाव पेट्रोलच्या ७० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर इथेनॉल, नाहीतर पेट्रोल. कारण इथेनॉलवर अॅव्हरेज कमी पडतं.

आणि खायचं काय? घाबरू नका. आठवडी बाजारात उसाचा रस मिळतो, ‘काल्दो द काना’, आणि त्याच्यासोबत पास्टेल, म्हणजे तळलेली, आत सारण भरलेली पातळ पारी. ईशान्येकडं गुळाची ढेप मिळते, तिला म्हणतात ‘रापादुरा’. रोजचं जेवण भात आणि उसळीसारखा घेवडा. माळकरी माणसानं भातात मटणाचा तुकडा नाही ना हे विचारून घ्यावं, एवढंच.

काटाकाट

रिओचं फार सांगत नाही, तुम्ही रील्समध्ये बघितलंय. १९३१ मध्ये उभा राहिलेला येशूचा ३० मीटरचा पुतळा आणि खाली समुद्र. मेमध्ये दुपारी पंचविशीच्या आसपास तापमान, पाऊस कमी. अंधार मात्र लवकर पडतो, साडेपाचच्या आत सूर्य मावळतो. त्यामुळे वर जायचं तर सकाळी. इग्वासूही थोडक्यात: पावणेतीनशे धबधबे एका ओळीत, पलीकडची बाजू अर्जेंटिनाची. पलीकडं पाऊल टाकायचं तर अर्जेंटिनाच्या व्हिसाचा वेगळा व्याप. मामा म्हणाले, अलीकडूनच बघू.

खरी मारामारी झाली ती दोन जागांवरून.

एक, लेन्सॉइस मारान्येन्सेस. उत्तरेकडं दीड हजारांवर चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान, त्यात निम्म्याहून जास्त पांढरी वाळू, टेकड्याच टेकड्या, आणि पावसाळा संपता संपता त्या टेकड्यांच्या मध्ये निळ्या-हिरव्या पाण्याची तळी भरतात. हजारो तळी. २०२४ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा म्हणून नाव लावलं. वर्षाच्या पहिल्या सहामाहीत पाऊस, मे-जूनमध्ये तळी भरत आलेली, जुलैत गर्दी, आणि वर्षाच्या शेवटी बरीचशी कोरडी. ऑफ सीझनसाठी यापेक्षा नेमकी वेळ कुठली?

दोन, अॅमेझॉन. मनाउसजवळ नदी वर्षातून एकदा फुगते आणि एकदा उतरते. जूनच्या सुमाराला सगळ्यात वर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सगळ्यात खाली. फरक दहा मीटरच्या आसपास. म्हणजे तीन मजली घर बुडेल एवढा. मे-जूनमध्ये जंगलच पाण्यात उभं असतं आणि होडी झाडांच्या शेंड्यांमधून जाते. नाथसागराचा फुगवटा आपल्या तालुक्यातल्या शेतांपर्यंत येतो तो तुम्ही बघितला असेल. तसंच समजा, फक्त क्षितिजापर्यंत. मनाउसच्या खाली काळी निग्रो नदी आणि मातकट सोलिमोइस नदी काही किलोमीटर शेजारी शेजारी वाहतात, मिसळतच नाहीत. आणि या सगळ्या पाण्याच्या मध्ये १८९६ मध्ये उघडलेलं ऑपेरा थिएटर. रबराच्या पैशातून बांधलेलं. अर्थात मेमध्ये गेलं की नदीकाठची वाळू दिसत नाही, जंगलातली पायवाट पाण्याखाली, डासही असतात. हे सगळं मी मामांना सांगितलं, लपवलं नाही.

दोन्ही करायचं तर दिवस आणि विमानं दोन्ही वाढत होती. मला वाळू हवी होती. मला म्हणजे, जाणारे मामा, पण प्लॅन करणाऱ्याचा जीव अडकतोच ना कुठंतरी! मामा म्हणाले, ‘वाळू अन् पाणी गोदावरीला बघितलंय. नदी ठेव.’

मी वाळू काढली. वाईट वाटलं, खरं सांगते.

तर रूट असा झाला: साओ पावलो, पिरासिकाबा, रिबेरांव प्रेतो, मग बसनं इग्वासू, तिथून विमानानं रिओ, रिओहून मनाउस, परत साओ पावलो. सतरा दिवस. मुंबईहून थेट विमान नाही. अदिस अबाबा, दोहा किंवा दुबईत बदलायचं.

एक जून

आता कागदपत्रं. तुमच्यापैकी किती जणांकडं पासपोर्ट आहे? आमच्या ग्रुपवर विचारलं, एकोणीस जणांत दोघांकडं. आणि त्याच ग्रुपवर ‘गोवा प्लॅन’ तीन वर्षं चालू आहे!

साधा ३६ पानी पासपोर्ट १५०० रुपयांत निघतो. फॉर्म ऑनलाइन, अपॉइंटमेंट नगरला पोस्टातल्या पासपोर्ट सेवा केंद्रात मिळते, पोलीस पडताळणी आपल्याच ठाण्यातून. मामांचा फॉर्म मी भरायला घेतला आणि जन्मतारखेवर अडकले. शाळेच्या दाखल्यावर १ जून १९६६. आधारवर १ जानेवारी १९६६. आज्जी सांगायची, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी.

एक जूनचं रहस्य तुम्हाला माहीत असेल. शाळेत नाव घालताना गुरुजींनी ज्यांची तारीख कुणालाच माहीत नाही त्यांना सरसकट एक जून दिली. म्हणून तर आपल्याकडं दरवर्षी ३१ मेला माणसं ढिगानं रिटायर होतात. मामांच्या आधारवर मात्र नोंदणीच्या वेळी फक्त वर्ष सांगितलं गेलं आणि जानेवारी पडला. आता आधी दाखल्याप्रमाणे आधार दुरुस्त, मग पासपोर्ट. तुमच्याही घरातल्या मोठ्या माणसांच्या तारखा एकदा काढून बघा. माझ्या घरात चौघांच्या जुळल्या नाहीत.

तारखेचा आणखी एक घोळ निघाला. ब्राझीलहून परतताना भारत यलो फीव्हरच्या लशीचं सर्टिफिकेट मागतो. नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. लस ठरावीक केंद्रांवरच मिळते, ती निघण्याआधी किमान दहा दिवस घ्यायची, आणि आता ती एकदा घेतली की सर्टिफिकेट आयुष्यभर चालतं. पण साठीच्या पुढच्या माणसाला ही लस डॉक्टर विचार करून देतात, कारण त्या वयात क्वचित गंभीर त्रास होऊ शकतो. मामा दाखल्यावर साठीच्या उंबरठ्यावर, आधारवर साठी ओलांडलेले आणि आज्जीच्या हिशेबानं अजून तीन महिने बाकी! शरीराला अर्थात यातलं काहीच माहीत नाही. त्यामुळे बीपीच्या गोळ्यांचा कागद घेऊन आधी डॉक्टर, मग लस, मग तिकीट. या क्रमात मी बदल करू दिला नाही.

व्हिसा निघण्याआधी लागतो. ब्राझीलचं वाणिज्य दूतावास मुंबईत आहे. तिकीट, राहायचं बुकिंग, बँकेचं स्टेटमेंट असे कागद जोडायचे.

आणि पैसे. मार्चमध्ये मी बघितलेल्या भाड्यांवर एका माणसाची बेरीज सव्वातीन लाखांच्या घरात गेली. त्यात सगळ्यात मोठा घास मुंबई-साओ पावलो विमानाचा, मग आतली विमानं, मग मनाउसचे चार दिवस. राहणं-खाणं त्यामानानं कमी, कारण मध्यम लॉजमध्ये राहायचं आणि जेवण वजनावर. हो, तिकडं बऱ्याच खानावळींत ताट भरून घ्यायचं आणि काट्यावर ठेवायचं, जेवढं वजन तेवढे पैसे. मामांनी तर हे वाचून फोनच केला. ‘काटा कुणाचा हाये, टेस्टिंग झालंय का?’

मृग, धोंडा आणि स्लॅब

शीट पूर्ण झाल्यावर मी ती रविवारी घरी जाऊन मामांना वाचून दाखवली. मामी चुलीपाशी. सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, ‘कव्हा?’

मी म्हटलं, या जूनमध्ये. खरं तर शीट मेची होती, पण आधार, पासपोर्ट, लस आणि व्हिसा यांत मे निघून जाणार हे दिसत होतं. जूनमध्ये मामा रिटायर झालेले, जुलैची गर्दी सुरू झालेली नाही, शिवाय ११ जूनपासून फुटबॉलचा वर्ल्ड कप. सामने अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत असले तरी बघायचे ब्राझीलमध्ये! त्यांची मॅच असली की तिकडं ऑफिसं लवकर सुटतात, गल्ल्या रंगवतात. पाच वर्ल्ड कप जिंकलेला देश. मी एवढं रंगवून सांगितलं.

मामी म्हणाल्या, ‘मृगात कोण घर सोडतं? कपाशी कोण लावणार?’

हे माझ्या शीटमध्ये नव्हतंच.

‘अन् यंदा धोंड्याचा महिना हाये. सतरा मेपासून पंधरा जूनपर्यंत. दोन्ही जावई जेवायला येणार. त्यांना काय सांगू, सासरे ब्राझीलला गेलेत?’

मामा गप्प. मी गप्प. कारखान्याचा ऑफ सीझन मला माहीत होता, ब्राझीलचा मी शोधून काढला होता. शेताचा ऑफ सीझन वेगळा असतो आणि घराचा त्याहून वेगळा, हे मी विसरले होते. आणि सगळ्यात शेवटी मामींनी खरा मुद्दा काढला: मागच्या दोन खोल्यांवर स्लॅब टाकायचाय. ग्रॅच्युइटी हातात कधी पडेल ते देवाला ठाऊक. पडली तर आधी स्लॅब की आधी ब्राझील?

जेवण होईपर्यंत कुणी बोललं नाही.

मग मामांनीच शीट मागितली. चष्मा लावून मोबाइलवर बघत बसले. म्हणाले, ‘ही मे महिन्याची पहिली लाइन होती ना? ती पुढच्या वर्षावर टाक.’ मे २०२७. पट्टा पडलेला, कपाशीला अजून महिना, धोंडा नाही, लग्नं एप्रिलमध्ये उरकायची. ब्राझीलमध्ये गाळप रंगात, रिओ मोकळं, मनाउसला नदी चढलेली. वर्ल्ड कप गेला, तेवढं नुकसान. तोपर्यंत ग्रॅच्युइटीचंही काहीतरी कळेल. स्लॅबचं काय, ते अजून ठरलेलं नाही. मामींनी सिमेंटचा भाव काढून ठेवलाय, मी विमानाचा.

तुमचंही असंच काही चाललं असेल, ब्राझील नसेल, हंपी असेल, सिक्कीम असेल, तर तारीख ठरवायच्या आधी घरात एकदा विचारा, बाबा कधी मोकळे असतात, आई कधी. आमच्या बॅचची परीक्षा लांबून ट्रिपच्या तारखेवर आली तेव्हा आम्हाला हे कळलं होतं, पण तेव्हा आम्ही युनिव्हर्सिटीला शिव्या घातल्या आणि विसरून गेलो.

जाता जाता भाषेचं. मामांना वाटत होतं, पोर्तुगीज कशी जमणार. मी त्यांना यादी दिली. चावीला तिकडं ‘शावी’, बादलीला ‘बाल्दी’, पावाला ‘पांव’, साबणाला ‘साबांव’, मेस्त्रीला ‘मेस्त्री’. गोव्यातून हे शब्द आपल्याकडं कधीच आलेत. ज्या मार्तिम अफोन्सो द सोझानं १५३२ मध्ये ब्राझीलमध्ये साओ विसेंती वसवलं आणि तिथं ऊस लावला, तोच पुढं १५४२ मध्ये गोव्याचा गव्हर्नर होऊन आला. तिकडून काजू आणि अननस आले, नावांसकट. आणि त्यांची साखर, ‘असुकार’, ती आपलीच शर्करा, अरबांच्या मार्फत गेलेली. मामांनी यादी पाकिटात ठेवलीय.

शीटमध्ये आता दुसरा कॉलम आहे. तो मी घातलेला नाही. मामांनी फोनवर सांगितलं, ‘दोघांचं कर.’ राहायची खोली तीच, त्यामुळे बेरीज दुप्पट होत नाही, पण सहा लाखांच्या आसपास जाते. स्लॅबचं गणित त्यामुळे अजूनच अवघड झालंय. मामींचा शाळेचा दाखला चौथीपर्यंतचा, त्यावर माहेरचं नाव आणि तारीख अर्थातच एक जून. मंगळवारी ते दोघं तिसगावमार्गे नगरच्या गाडीत बसतायत, आधारच्या दुरुस्तीला. मामींनी काल रात्री मला मेसेज केला, नातवाकडून टाइप करून घेतलेला:

‘तिकडं मे महिन्यात थंडी असते म्हणतेस. स्वेटर नगरलाच बघून ठेवू का?’